बायजा आत्याचा आवाज

माझ्या लग्नात भटजी पाऊण तास ताटकळत बसले होते. मुहूर्त टळायला आला होता, सासरे सारखे घड्याळ बघत होते, आणि बायजा आत्या मांडवाच्या मधोमध तांदळाच्या राशीपुढे डोळे मिटून बसली होती. ती आमच्या घरातल्या मेलेल्या माणसांना लग्नाला बोलावत होती. आजोबा झाले, पणजोबा झाले, बाळंतपणात गेलेल्या दोन चुलत्या झाल्या. एकेकाचं नाव घ्यायचं, दोन ओळी म्हणायच्या, राशीवर चिमूटभर कुंकू टाकायचं. भटजींनी घसा खाकरला तशी डोळे न उघडता म्हणाली, "वाईच थांबा. नवशाकाका राह्यलाय. तो रागीट होता, इसरलू तर बसंल रुसून."

नवशाकाका म्हणजे माझ्या आजोबांचा भाऊ. मला तो कधी दिसलाच नव्हता, पण त्या दिवशी तो आला असं मला खरोखर वाटलं.

आत्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण आणि भिवंडीजवळच्या वळ गावची धवलारीण. आम्हा आगरी लोकांत पूर्वी लग्न लावायची ती धवलारीण. भटजी नंतर आले. हळद दळायला जातं मांडल्यापासून वरात निघेपर्यंत प्रत्येक कामाचं एकेक गाणं, त्याला आम्ही धवला म्हणतो. खांब रोवताना वेगळा, चूल मांडताना वेगळा, नवऱ्यामुलाला तेल लावताना वेगळा. आत्याला अक्षर येत नव्हतं. हे सगळं तिने तिच्या आईकडून, म्हणजे माझ्या आजीकडून, गोदूबाईकडून घेतलेलं. वळपासून शेलारपर्यंत ज्या ज्या घरी ती जायची, त्या घराच्या चार पिढ्यांची नावं तिला पाठ होती. घरच्यांना ठाऊक नसायची ती तिला ठाऊक असायची.

तिचा नवरा लवकर गेला. खाडीतून रेती काढायच्या होडीवर होता, होडी उलटली. चार वर्षांच्या मुलीला, जानकीला, कडेवर घेऊन ती वळला माहेरी आली आणि मग तिथेच राहिली. जानकी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. एकाच ताटात जेवलो आम्ही. तिचं लग्न शेलारला झालं, एक मुलगी झाली, आणि मुलगी सहा महिन्यांची असताना जानकी काविळीने गेली. जावयाने वर्षाच्या आत दुसरी बायको केली. आत्या एकटी शेलारला गेली, पाळण्यातून नात उचलली आणि परत आली. ती नात म्हणजे ऋतिका; नाव मीच ठेवलेलं.

माझं सासर भिवंडीत, नारपोलीला. माझे यजमान हिरामण यांचं तिथे कॅसेटचं दुकान होतं. चारी बाजूंनी लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. दिवसभर खडखडाट, त्यामुळे गाणं लावायचं तर मोठ्यानेच लावावं लागे. गिऱ्हाईक बहुतेक लूमवरचे कामगार, युपी-बिहारकडचे. त्यांना गावाकडची गाणी लागत, कुणाला कव्वाली लागे, आणि आपली माणसं आली की हळदीची गाणी मागत. दोन हजार तीन-चार साली कॅसेट बसायला लागली. सीडी आली, व्हीसीडी आली, मग एका एमपीथ्रीत दीडशे गाणी. कॅसेटची खोकी पोटमाळ्यावर गेली.

त्याच सुमारास गावांकडे जमिनी विकल्या जात होत्या. वळमध्ये भाताच्या शेतात एकामागून एक गोडाऊन उभी राहिली. माणसांच्या हातात पैसा आला आणि लग्नं मोठी झाली. हळदीला हजार माणूस, स्टेज, लाइटिंग, भिंतीएवढे स्पीकर. त्या स्पीकरवर लावायला गाणी हवी होती.

भाविक नावाचा एक मुलगा हिरामणकडे माल द्यायला यायचा. कल्याणला एका खोलीत त्याचा स्टुडिओ होता. कॉम्प्युटर, एक माइक, भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवलेले. तो एकदा म्हणाला, "भाऊ, हळदीच्या गाण्यांची व्हीसीडी काढू. पण ओरिजिनल आवाज पाहिजे. म्हाताऱ्या बाईचा, गावठी."

हिरामणनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आत्या आहे की."

आत्या तयार होईना. आम्ही वळला गेलो तेव्हा ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने भाविकचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लगीन कोनाचं हाय?"

"लग्न नाही आजी. रेकॉर्डिंग आहे."

"लगीन न्हाय तर बोलावू कोनाला? धवला म्हटला का आपली गेलेली मानसं येतात. रिकाम्या खोलीत बोलावून मंग बसवू कुठं त्यांना?"

भाविकला हसू आलं, पण त्याने ते दाबलं.  शेवटी मीच बोलले. आज वाटतं, बोलले नसते तर. मी म्हटलं, "आत्या, तुझ्यामागं कोण म्हणणार गं हे? ऋतिका शाळेत जाते, तिला यातली एक ओळ येत नाही. मला येत नाही. तू गेलीस की सगळं तुझ्याबरोबर जाणार. निदान मशीनमध्ये तरी राहील."

तिने सुपातले दोन खडे वेचून टाकले. मग म्हणाली, "तू बोलतेस म्हनून."

कल्याणला जाताना तिने लग्नाला नेसायचं लुगडं काढलं, पदरात मूठभर तांदूळ बांधून घेतले. स्टुडिओत एसी होता, ती कुडकुडायला लागली तेव्हा बंद करायला लावला. माइकपुढे जमिनीवर बसून तिने तांदळाची रास केली. भाविक बोलला, "आजी, कानाला हे लावा." तिने हेडफोन हातात घेऊन बघितले आणि बाजूला ठेवले.

तीन तास गायली. मधे एकदा थांबून मला विचारलं, "इथं कोनाच्या घरची मानसं बोलवू?" खोली कुणाचीच नव्हती.  मग तिने स्वतःचीच माणसं बोलावली. आईला, बापाला, खाडीत गेलेल्या नवऱ्याला. सगळ्यात शेवटी मुलीला. तो धवला असा सुरू झाला:

डोंगरीची वाट गो, पानी घातलं पाया,
पाट तुला मांडला, तूच आमची माया,
जानकी गो, उतर गो बाय, उतर.

'उतर' म्हणजे खाली ये, मांडवात ये. देवीला म्हणतात तेच मेलेल्या लेकीला म्हणतात. मी दाराशी उभी होते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. भाविक काचेपलीकडे अंगठा वर करून दाखवत होता.

निघताना त्याने एका कागदावर तिचा अंगठा घेतला आणि एक साडी दिली.

व्हीसीडी पुढच्या लग्नसराईत आली, दोन हजार पाचमध्ये. आम्ही आत्याला मुद्दाम नारपोलीला आणलं. शेजारच्या बायकाही जमल्या. ऋतिका चौदा वर्षांची होती, ती टीव्हीच्या अगदी पुढ्यात बसली. मला वाटलं होतं की आत्या दिसेल, नाहीतर निदान एखादा मांडव तरी.

आधी धडाड्‌धूम असा ठेका सुरू झाला. कुठल्याशा फार्महाऊसचं अंगण. गुडघ्याच्या वर लुगडं खोचलेली एक पोरगी जीपच्या टपावर उभी, खाली आठ-दहा पोरं. आणि आत्याचा आवाज आला. तीन ओळींतल्या पहिल्या दोन नव्हत्याच. फक्त शेवटची, तीही तोडून तोडून. "जानकी गो... उतर गो बाय... उतर, उतर, उतर." पोरं खालून हात करून तिला बोलावत होती आणि ती कंबर हलवत जीपवरून उतरत होती. मधे एक पुरुष हिंदीतून काहीतरी अचकटविचकट बोलत होता.

शेजारच्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "भारी हाय की!" मग त्यांचं लक्ष आत्याकडे गेलं.

आत्या पडद्याकडे टक लावून बघत होती. गाणं संपलं. ती मला म्हणाली, "ही जानकी न्हाय."

"नाही गं आत्या. ती नाच करणारी आहे."

"मंग ती जानकीच्या नावानं का उतरते?"

मी टीव्ही बंद केला. त्या दिवशी ती आमच्याकडे जेवली नाही. दुपारच्या गाडीने ऋतिकाला घेऊन वळला गेली. हिरामणनी भाविकला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, पूर्ण घेतलं असतं तर कोण नाचलं असतं? पब्लिक धरते ती हुक लाइन तेवढीच होती. आणि बघा, मार्केटमध्ये माल टिकत नाहीये."

ते खरंच होतं. महिन्याभरात त्या गाण्याच्या नकली सीड्या भिवंडीच्या प्रत्येक फुटपाथवर आल्या. लग्न कुठलंही असो, हळदीला 'जानकी' वाजायचीच, एकदा नव्हे, सातआठदा.

आत्याला बोलावणी यायची कमी झाली. आधी लोक म्हणायचे, तीन दिवस नको, एकच दिवस ये. मग म्हणायला लागले, पाच मिनिटांत उरक, डीजेवाला खोळंबलाय. शेलारच्या एका लग्नात तिने घरची नावं घ्यायला सुरुवात केली तर मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, सीडीतल्यासारखं म्हण ना! उतर, उतर!" सगळा मांडव हसला. नवरीच्या आईने हात जोडून विनंती केली, "म्हना वो बायजाबाई, पोरांची हौस हाय."

"मग म्हटलंस का?" मी नंतर तिला विचारलं.

"न्हाय म्हटलं. पन गंमत सांगू? फुडची नावं आठवनात मना. तोच तुकडा डोक्यात वाजत राह्यला. त्यांच्या घरातला म्हातारा, मोरू, माझ्या वळखीचा, माझ्या हातचं पानी पिऊन गेलेला. त्याचं नाव आठवना. तशीच उठून आलू."

त्यानंतर ती फारशी कुठे गेली नाही.

आमचं दुकान मात्र चाललं. दोन हजार सातपासून चायना मोबाइल आले, मोठ्या आवाजाचे, दोन-दोन स्पीकरवाले. लूमवरचा पोरगा बारा तासांची ड्युटी करून यायचा आणि कानाशी मोबाइल धरून बसायचा. सीडीसुद्धा कोणी विचारीना. हिरामणनी हप्त्यावर कॉम्प्युटर घेतला आणि बाहेर पाटी लावली, 'मेमरी कार्डात गाणी व व्हिडिओ भरून मिळतील'. ते दुकानात कमी असत, लग्नांना साउंड भाड्याने द्यायचं काम त्यांनी धरलं होतं. कॉम्प्युटरवर मी बसायचे. कार्ड घ्यायचं, रीडरमध्ये घालायचं, विचारायचं, काय हवं? बहुतेक जण म्हणत, "नया डाल दो भाभी." मी 'नवीन' नावाचं एक फोल्डर केलं होतं. त्यातलं सगळं उचलून कार्डात टाकायचं, दोन मिनिटांचं काम. नवीन गोष्टी कुठून यायच्या? गिऱ्हाइकंच आणायची. कुणाकडे ब्लूटूथवरून काही आलेलं असे, तो म्हणे हे घ्या, बदल्यात ते द्या. मी बघत बसत नसे. कोण बघत बसणार शेकड्यांनी?

ऋतिका तेव्हा भिवंडीत बारावीला होती. वळहून रिक्षाने यायची, स्टँडजवळ उतरायची आणि चालत कॉलेजला. आठवड्यातून दोनदा माझ्याकडे जेवायला यायची. हुशार पोरगी. अकाउंट्स आवडायचं तिला. दोन हजार आठच्या पावसाळ्यानंतर ती गप्प गप्प राहायला लागली. एकदा जेवता जेवता म्हणाली, "मावशी, मी बसने आले तर? बस पुढच्या नाक्यावर थांबते."

"लांब पडेल की गं. का?"

"असंच."

खोदून विचारलं तेव्हा बोलली. स्टँडवर पोरांचं एक टोळकं बसायचं. मुलगी रिक्षातून उतरायला लागली की मोबाइलवर ते गाणं लावायचे. "उतर गो बाय, उतर." सगळ्याच मुलींना. मग वळच्याच एका पोराने, गोडाऊनवाल्याच्या मुलाने, त्यांना सांगितलं की हिच्याच आजीचा आवाज आहे, आणि जानकी हिच्या आईचं नाव. तेव्हापासून ते फक्त हिच्यासाठी लावायचे. रोज.

"आजीला नको सांगू," ती म्हणाली. "तिला काय वाटेल?"

मी हिरामणना सांगितलं. ते दोन दिवस स्टँडवर जाऊन उभे राहिले. दोन दिवस कोणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते साउंडच्या कामाला गेले.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी आपल्यातलाच एक पोरगा दुकानात आला, कार्ड भरायला. म्हणाला, "मामी, हे तुमच्याकडं नसंल, घ्या." एक छोटा व्हिडिओ होता. नाव होतं 'जानकी पार्ट टू'. मी तो न उघडता 'नवीन' फोल्डरमध्ये टाकला. दिवसभर गर्दी होती. शुक्रवार, लूमवाल्यांची सुट्टी. नंतर मी वहीवरून मोजलं, सव्वीस कार्डं भरली त्या दिवशी.

चारच्या सुमाराला शेजारचा अरशद आला. त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान होतं, सरळ माणूस. एरवी दारातूनच बोलायचा, त्या दिवशी आत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "भाभी, बुरा मत मानना. ये लडकी आपके यहां खाना खाने आती है ना?"

त्याने हातातला मोबाइल माझ्यापुढे धरला. कुणाचा तरी दुरुस्तीला आलेला.

वीस-पंचवीस सेकंदांचा व्हिडिओ. ऋतिका रिक्षातून उतरते. तिची ओढणी दाराच्या खिळ्यात अडकते, ती वाकून सोडवते. कॅमेरा जवळ येतो. तिच्या लक्षात येतं, ती तोंड फिरवते आणि भरभर चालायला लागते. तेवढंच पुन्हा पुन्हा जोडलेलं, उतरते, वाकते, उतरते, वाकते. वर आत्याचा आवाज. "जानकी गो, उतर गो बाय, उतर, उतर, उतर." शेवटी मोठ्या अक्षरांत ऋतिकाचं नाव आणि गावाचं नाव.

"ये आपके यहां से भरवाया है उसने," अरशद म्हणाला. "मैंने पूछा उससे."

मी कॉम्प्युटरवरून तो काढला. फोल्डर काढलं. मग ते सव्वीस जण आठवायला लागले. त्यातल्या सहा जणांना मी ओळखत होते. अरशद माझ्याबरोबर आला, आम्ही लूमच्या खोल्यांतून फिरलो. चौघांनी निमूटपणे काढून टाकला. एक म्हणाला, मी तर दहा जणांना पाठवला. सहावा गावी निघून गेला होता.

ऋतिकाला आम्ही सांगायची गरज पडली नाही. कॉलेजात तिला आधीच कुणीतरी दाखवला होता. ती दोन दिवस वळला पडून होती. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. ती म्हणाली, "जाऊन काय दाखवू? माझाच व्हिडिओ दाखवू सगळ्यांना?" मग तिने विचारलं, "मावशी, तुमच्याकडे पण होता का तो?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "होता. मीच भरला. बघितला नव्हता."

तिने तोंडावर चादर ओढली. परीक्षेला महिना उरला होता. ती बसली नाही.

आत्याला आता सगळं कळलं होतं. ती त्या गोडाऊनवाल्याच्या घरी गेली. नवं तीन मजली घर, दाराशी दोन गाड्या. पोराच्या आईला म्हणाली, "तुझं लगीन मी लावलं. तुझ्या सासऱ्याला मी बोलावलं मांडवात. तुझा पोर काय करतो बघ." त्या बाईने तिला बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाली, "गाणं तर तुमीच गायलात ना बायजाबाई? आमी गायलो का?"

आत्या तिथून सरळ माझ्या दुकानात आली. एकटी, रिक्षाने. असं ती पहिल्यांदाच आली. कॉम्प्युटरकडे बोट करून म्हणाली, "याच्यातून माझा आवाज काढून टाक."

"आत्या, इथून काढलाय मी."

"मंग कुठं हाय अजून?"

हिरामणनी तोवर इंटरनेट घेतलं होतं. मी तिला दाखवलं. कुणीतरी त्या व्हीसीडीतलं गाणं यूट्यूबवर टाकलं होतं, खाली आकडा होता. मी वाचून दाखवला, एक लाख सोळा हजार.

"हे काय?"

"इतक्या वेळा लोकांनी बघितलं."

"कुठली मानसं?"

"कुठलीही. सगळीकडची."

"त्यांना सांग, बंद करा."

"सांगता येत नाही गं."

ती खुर्चीवर बसून राहिली. बाहेर लूम खडखडत होते. "इतक्यांनी हाक मारली माझ्या पोरीला," ती म्हणाली. 

ऋतिकाचं लग्न त्याच मे महिन्यात ठरवलं, उरणकडे. मुलगा फिटर, घरची माणसं साधी. लांब होतं म्हणून बरं वाटलं. लग्नाआधी आत्याने भीतभीत विचारलं, "जातं मांडताना एक म्हनू का? बारक्या आवाजात?"

ऋतिका म्हणाली, "नको आजी. माझ्या लग्नात तू नको गाऊ. कोणीच नको. गाणंच नको."

आत्याने मानेनेच होकार दिला. हळद तशीच दळली गेली, नुसत्या जात्याच्या घरघरीत. असं मी आमच्यात कधी पाहिलं नव्हतं.

पण हळदीच्या संध्याकाळी नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली ती साउंड घेऊनच. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी हौसेने आणला. चौथं की पाचवं गाणं 'जानकी'. ऋतिका पाटावर बसली होती, तोंडाला हळद माखलेली. तिने खाली बघितलं ते मान वर केलीच नाही. पोरं नाचत होती. आत्या मागच्या पडवीतून उठली, गर्दीतून वाट काढत डीजेवाल्यापाशी गेली.

"बंद कर हे."

"आजी, हिट गाणं हाय! दोन मिनिटं."

"हा माझा आवाज हाय."

डीजेवाला हसला. त्याला ती थट्टा वाटली. माइकवरून ओरडला, "आजी बोलते माझा आवाज हाय! चला आजी, एक ठुमका होऊन जाऊ द्या!" पोरांनी तिच्याभोवती गोल केला. कुणीतरी तिचा हात धरून वर केला.

मी धावत गेले आणि दिसेल ती वायर ओढली. गाणं बंद झालं, निम्मे दिवेही गेले. आरडाओरडा झाला. हिरामण मधे पडले, व्याह्यांना बाजूला घेऊन समजावायला लागले.  सगळे आत्याकडे बघत होते. तिचा पदर पडला होता. तिने तो सावरला, तोंड उघडलं आणि ऋतिकाकडे बघितलं. ऋतिकाने मान हलवली. नाही.

आत्या पडवीत जाऊन बसली.

त्यानंतर सात महिने ती जगली. घरात बोलायची, चिडायची, भांडायचीही, पण गुणगुणताना ती मला पुन्हा ऐकू आली नाही. दोन हजार दहा लागायच्या आधी, डिसेंबरात गेली. झोपेतच. ऋतिका उरणहून आली, तिला पाचवा महिना होता. दहाव्या दिवशी सगळं आटोपल्यावर माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, ते गाणं पूर्ण कसं होतं?"

"कुठलं?"

"आईचं. त्याच्या आधी काय होतं?"

मी स्टुडिओत दाराशी उभी राहून ऐकलं होतं. दोन ओळी आठवल्या, त्या सांगितल्या. पण तिसऱ्या ओळीच्या पुढेही बरंच होतं. जानकीला काय काय द्यायचं, कुठे बसवायचं, तिच्या मुलीला कसं दाखवायचं, असं काहीतरी होतं. मला आठवेना. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना विचारलं. त्यांना बाकीचे धवले तुकड्यातुकड्याने येत होते, हा आत्याने स्वतःच बांधलेला असावा.

मी कल्याणला गेले. भाविकचं आता मोठं ऑफिस होतं, तो रिंगटोनचं काम करत होता. त्याला मी आठवले, आत्याही आठवली. गेली म्हटल्यावर खरंच वाईट वाटलं त्याला. म्हणाला, "पूर्ण रेकॉर्डिंग कुठलं मावशी? तेव्हा हार्ड डिस्क महाग होती. फायनल झालं की बाकीचं उडवायचो." तरी त्याने अर्धा दिवस जुन्या डिस्क लावून शोधलं. शेवटी एक फाइल सापडली, एक्केचाळीस सेकंदांची. ठेका न लावलेली, तीच ओळ.

पेनड्राइव्हवर घेऊन आले. ऋतिका दुसऱ्या दिवशी दुकानात आली. मी फाइल कॉम्प्युटरवर घेतली, तिला हेडफोन दिले आणि लावली. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त तिचा चेहरा दिसत होता. संपल्यावर ती म्हणाली, "शेवटी आजी खोकते."

"हो. घसा बसला होता तिचा."

"आणि विचारते, पानी हाय का वाईच."

तिने अजून दोनदा ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाली, "हे इथून काढ." मी तिच्यासमोर काढलं. तिने पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळला, पर्समध्ये ठेवला आणि तीनच्या गाडीने निघून गेली.